जुन्या संगणकातील पत्रव्यवहार परत कसा मिळवावा

(केंद्र शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या परिषदेसाठी मला नेमून दिलेला विषय प्रथमदर्शनी शिक्षकाचा वाटत नाही, कारागिराचा वाटतो. बंद पडलेल्या जुन्या संगणकाच्या पोटात राहून गेलेले ई-मेल बाहेर कसे काढावे, हा तो विषय होय. परंतु आपणांपैकी पुष्कळांच्या शाळेत, तांदळाच्या पोत्यांमागे किंवा जुन्या फळ्यांच्या आडोशाला, पिवळट पडलेला एक संगणक उभा असेल. लोकवर्गणीतून किंवा एखाद्या योजनेतून तो आला, काही वर्षे चालला, आणि मग एके दिवशी सुरू होईनासा झाला. जडवस्तू नोंदवहीत त्याची नोंद आहे. त्याच्या निर्लेखनाचा प्रस्ताव कधीतरी जाईल आणि भंगारवाला त्याला वजनावर नेईल. तो नेण्यापूर्वी त्यात काय आहे हे पाहावे, एवढीच आज माझी विनंती आहे.

त्यात काय असू शकते हे आमच्याच तालुक्यातील एका उदाहरणावरून सांगतो. एक मुख्याध्यापक होते; ते आज हयात नाहीत. २००३ पासून पुढे सहा वर्षे त्यांनी एक नेम चालविला. दर शनिवारी ते मुलांना सांगत, की घरी जाऊन आजीला आणि आजोबांना जुने शब्द विचारून या. मोट गेली, तिच्याबरोबर नाडा, धाव, थारोळे हे शब्दही जाऊ लागले होते. मुले ते शब्द आणीत, जात्यावरच्या ओव्या आणीत, कोणी एखादे कोडे आणी. गुरुजी रविवारी हे सर्व संगणकावर टंकून पुण्यातील आपल्या एका स्नेह्याला ई-मेलने धाडीत. प्रत्येक शब्दापुढे तो सांगणाऱ्या म्हातारीचे नाव, वाडी आणि विचारून आणणाऱ्या मुलाचे नाव असे. मूळ वह्या पुढे वाळवीने खाल्ल्या. स्नेह्याची पत्रपेटी बंद होऊन गेली. सांगणाऱ्या बायांपैकी बहुतेक आज नाहीत. म्हणजे त्या सहा वर्षांच्या कामाची एकुलती एक प्रत गुरुजींच्या घरच्या, सुरू न होणाऱ्या संगणकात उरली होती. दुरुस्तीवाल्याने त्यांच्या चिरंजिवांना सांगितले, "फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखा होईल." चिरंजिवांनी सुदैवाने नकार दिला. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, हे आपण ऐकले असेल. असे संग्रह ज्या कणाकणांनी बनतात, त्यांतलाच एक कण त्या पेटीत होता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ई-मेल नेमका राहतो कोठे? याचे उत्तर तो कोणत्या रीतीने वाचला जात होता यावर अवलंबून आहे, आणि सर्व शोधाची दिशा त्यावरूनच ठरते. आपल्या टपाल कचेरीचा दाखला घ्या. कोणी गृहस्थ कचेरीत जाऊन आपली सर्व पत्रे पिशवीत घालून घरी आणतो. मग कचेरीत त्याचे काही उरत नाही. जुन्या काळी प्रचलित असलेल्या पॉप नावाच्या पद्धतीत बहुधा असेच होई. दुसरा गृहस्थ पत्रे कचेरीतच ठेवतो आणि घरी केवळ नकला आणतो. ती आयमॅप पद्धत. तिसरा खिडकीशी उभा राहून पत्र वाचतो आणि रिकाम्या हाताने परततो. ब्राउझरमध्ये जीमेल किंवा याहू उघडून वाचणारा हा तिसरा गृहस्थ समजावा. या तिसऱ्याची पत्रे त्याच्या जुन्या हार्ड डिस्कवर शोधणे म्हणजे बहुतांशी व्यर्थ श्रम. त्याने आपला पासवर्ड आठवावा, आणि तोही लवकर. कारण दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले आहे.

२००० नंतरच्या त्या दशकात आपल्याकडे टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट घेतले जाई आणि मिनिटामिनिटाचे बिल होई. म्हणून लोक तार जोडीत, पत्रे भराभर उतरवून घेत, तार तोडीत आणि मग निवांत वाचीत. या काटकसरीमुळेच त्या काळची पत्रे घरच्या संगणकावर सापडण्याचा संभव अधिक. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पॉप पद्धतीत आपण धाडलेल्या पत्राची नक्कल आपल्याच यंत्रावर राही, टपाल पुरविणाऱ्या कंपनीकडे सामान्यतः ती नसे. म्हणून 'सेंट आयटम्स' या फोल्डरचे मोल आलेल्या पत्रांहूनही अधिक. गुरुजींचे सारे काम त्याच फोल्डरात होते.

संगणक सुरू होत नाही म्हणजे आतले सर्व गेले, हा समज चुकीचा आहे. बहुतेक वेळी वीज पुरविणारी पेटी जळालेली असते किंवा मुख्य पाटीवरील कपॅसिटर फुगलेले असतात. हार्ड डिस्क शाबूत असते. या चकतीविषयी दोन शब्द सांगणे उचित होईल. १९५६ साली आय.बी.एम. या कंपनीने अशा प्रकारचे पहिले यंत्र विक्रीस आणले तेव्हा त्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, आणि त्या सर्वांवर मिळून सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आज तळहातावर मावणाऱ्या चकतीत त्याच्या लाखो पटींनी मजकूर राहतो. तत्त्व मात्र तेच: फिरत्या तबकडीवर चुंबकीय खुणा, आणि त्यांवरून केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगणारे वाचक टोक. म्हणूनच चालू चकतीला धक्का लागणे वाईट, आणि ती उघडून पाहणे तर त्याहून वाईट. हवेतील धुळीचा एक कणदेखील त्या टोकाला डोंगरासारखा आडवा येतो.

चकती बाहेर काढणे अवघड नाही. वीज तोडावी, संगणकाच्या धातूच्या सांगाड्याला क्षणभर हात लावावा म्हणजे अंगातील स्थिर विद्युत निघून जाते, आणि मग चार स्क्रू सोडवावे. जोडणीचे दोन प्रकार आढळतील. साधारणपणे २००३ पूर्वीच्या चकत्यांना चाळीस टाचण्यांची रुंद, चपटी पट्टी लागते. तिला आयडीई म्हणतात. नंतरच्या चकत्यांना अरुंद जोडणी असते, ती साटा. दोन्ही प्रकार यूएसबीतून जोडून देणारा अडॅप्टर बाजारात मिळतो, आणि केंद्रात असा एक असला म्हणजे दहा शाळांचे काम भागते. घरगुती संगणकाच्या साडेतीन इंची चकतीला बारा व्होल्टची वीज स्वतंत्र लागते. म्हणून अडॅप्टर घेताना त्यासोबत विजेचा प्लग आहे ना हे पाहून घ्यावे. लॅपटॉपची अडीच इंची चकती यूएसबीच्या विजेवरच बहुधा चालते. आयडीई चकतीच्या मागे एक इवलीशी टोपी असते. ती 'मास्टर' या खुणेवर ठेवावी, अन्यथा कित्येकदा चकती ओळखलीच जात नाही.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. चकती जोडताच नवा संगणक कधीकधी विचारतो, की ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी काय? किंवा, हिची नव्याने मांडणी करावी काय? उत्तर नेहमी नाही असेच द्यावे. त्या प्रश्नाचा अर्थ इतकाच, की चकतीवरील मांडणी संगणकाला समजली नाही. खोडून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे. जुन्या चकतीवर काहीही लिहू नये, तिच्यावर कोणताही कार्यक्रम चढवू नये, आणि फायली तेथून हलवू नयेत. फक्त त्यांच्या नकला घ्याव्या आणि पुढचे सर्व प्रयोग त्या नकलांवरच करावे.

चकतीतून ठरावीक तालात टक्-टक् असा आवाज येऊ लागला तर लगेच वीज बंद करावी. तो आवाज वाचक टोक निकामी होत असल्याचा आहे, आणि प्रत्येक मिनिटागणिक नुकसान वाढते. अशी चकती थंडीत ठेवावी, तिच्यावर टिचकी मारावी, असले उपाय लोक सांगतात. त्यांकडे लक्ष देऊ नये. आवाज नाही, पण वाचताना चकती मध्येच अडखळते, अशी स्थिती असेल तर डीडीरेस्क्यू नावाचा विनामूल्य कार्यक्रम उपयोगी पडतो. तो आधी चांगला भाग उतरवून घेतो आणि बिघडलेल्या जागांकडे शेवटी वळतो. शहाणा शिक्षक परीक्षेत मुलांना जे सांगतो तेच तो करतो म्हणाना.

आता फायलींचा शोध. विंडोज एक्सपी या जुन्या प्रणालीत बहुसंख्य लोक आऊटलुक एक्स्प्रेस वापरीत. तिची पत्रे फार खोल जागी असतात: 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज', त्यात वापरणाऱ्याचे नाव, त्यात 'लोकल सेटिंग्ज', त्यात 'ॲप्लिकेशन डेटा', त्यात 'आयडेंटिटीज', मग महिरपी कंसातील एक लांबलचक संख्या, मग 'मायक्रोसॉफ्ट', आणि अखेर 'आऊटलुक एक्स्प्रेस'. यातील काही फोल्डर लपविलेले असल्यामुळे ते दिसत नाहीत आणि लोक निराश होतात. लपलेले फोल्डर दाखविण्याची सोय आधी चालू करावी. तेथे प्रत्येक फोल्डरसाठी एकेक फाइल असते आणि तिच्या नावाच्या शेवटी डीबीएक्स हे चिन्ह असते. त्याच सुमारास एखाद्या कचेरीत पूर्ण आऊटलुक वापरले जात असेल तर पीएसटी या चिन्हाची एकच मोठी फाइल शोधावी. तीत सर्व पत्रे, पत्ते आणि दिनदर्शिका एकत्र असतात. विंडोज व्हिस्टापासून पुढे 'यूजर्स' या फोल्डराखाली पाहावे लागते. थंडरबर्ड वापरणाऱ्यांची पत्रे 'ॲपडेटा', 'रोमिंग', 'थंडरबर्ड', 'प्रोफाइल्स' या वाटेने सापडतात. त्यांना शेवटी कोणतेच चिन्ह नसते, नुसते 'इनबॉक्स' असे नाव असते, म्हणून शोधयंत्राला ती चुकवितात. तेथे संपूर्ण प्रोफाइलच उचलून घ्यावे हे उत्तम. पत्त्यांची वही विसरू नये. आऊटलुक एक्स्प्रेसची ती वही डब्ल्यूएबी या चिन्हाची निराळी फाइल असते.

फोल्डर उघडताना 'आपणांस परवानगी नाही' असे उत्तर आले तर घाबरू नये. जुन्या विंडोजचा पासवर्ड हा दारावरचा चौकीदार होता. चकती दुसऱ्या संगणकाला जोडली की तो चौकीदार तेथे नसतो, केवळ त्याने लावलेली पाटी उरते. प्रशासकाच्या अधिकाराने त्या फोल्डरची मालकी आपल्याकडे घेतली की तो उघडतो. पेन ड्राइव्हवरून उबुंटू सुरू करून पाहिल्यास ही पाटीही बहुधा आड येत नाही, आणि जुन्या चकतीवर यत्किंचित फेरबदल न करता नकला घेता येतात. मला स्वतःला हाच मार्ग पसंत आहे. मात्र फाइलींची नावे विंडोजमध्ये हिरव्या अक्षरांत दिसत असतील, किंवा पूर्ण चकतीच बिटलॉकरने कुलूपबंद केलेली असेल, तर गोष्ट निराळी. तेथे मूळ किल्ली हवी. ती नसेल तर प्रयत्न सोडावा.

डीबीएक्स फाइल हाती आली तरी ती उघडणारा आऊटलुक एक्स्प्रेस आजच्या विंडोजमध्ये नाही. व्हिस्टा आली तेव्हाच तो गेला, आणि एक्सपीची देखभालही एप्रिल २०१४ मध्ये थांबली. गावात एखादा एक्सपीचा संगणक अजून चालत असेल, तर त्यातील आऊटलुक एक्स्प्रेसला ही फोल्डर आयात करावयास सांगता येते. त्या संगणकाला इंटरनेट मात्र जोडू नये. दुसरा मार्ग अनडीबीएक्स या विनामूल्य साधनाचा. ते त्या एका गाठोड्यातून प्रत्येक पत्र सुटे करून ईएमएल या चिन्हाच्या फायली बनविते, आणि अशी फाइल थंडरबर्डमध्ये सहज उघडते. या साधनाचा आणखी एक गुण आहे. आऊटलुक एक्स्प्रेसमध्ये पुसलेले पत्र लगेच नाहीसे होत नसे; फाइल आवळून घट्ट करीपर्यंत ते आत पडून असे. अनडीबीएक्सला दुरुस्तीच्या रीतीने चालविले तर अशी काही पत्रेही हाती लागतात. गुरुजींच्या बाबतीत तसेच घडले. कोणीतरी जागा मोकळी करण्यासाठी दोन पावसाळ्यांची पत्रे पुसली होती; त्यांतील बरीचशी परत आली. एका उन्हाळ्याची मात्र अर्धीच वाचता आली, वाक्ये मध्येच तुटलेली.

पीएसटी फाइल असेल तर पूर्वापार चालत आलेल्या आऊटलुकमध्ये ती सरळ उघडते. लिनक्सवर रीडपीएसटी हे साधन तेच काम करते. २००३ पूर्वीच्या आवृत्त्यांत ही फाइल दोन गिगाबाइटांपलीकडे वाढली की बिघडे. अशी बिघडलेली फाइल दुरुस्त करून पाहावी, अर्थात नक्कल करूनच. थंडरबर्डची 'इनबॉक्स' फाइल ही तर साधी मजकुराची फाइल आहे, एकाखाली एक पत्रे लिहिलेली. नव्या थंडरबर्डच्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये ती ठेवून कार्यक्रम पुन्हा सुरू केला की पत्रे दिसू लागतात.

येथपर्यंतचे काम कोणत्याही देशातील मनुष्याला सारखेच करावे लागेल. यापुढची अडचण आपली, देवनागरीत लिहिणाऱ्यांची आहे, आणि माझ्या मते खरी मेहनत तेथेच आहे. पत्र उघडते आणि समोर रोमन अक्षरांचा, कंसांचा, प्रश्नचिन्हांचा निरर्थक सडा दिसतो. असे का होते? युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच स्थान मिळाले होते, पण ती विंडोजमध्ये विंडोज २००० पासूनच चालू लागली, आणि गावोगावी ती रुजावयास आणखी काही वर्षे गेली. तोवर आपण शिवाजी, किरण, श्रीलिपी, सी-डॅकचे सुरेख किंवा योगेश अशा फाँटांत लिहीत होतो. त्या फाँटांत संगणकाच्या दृष्टीने मजकूर रोमन अक्षरांचाच असे. फाँट त्यावर मराठी अक्षराचा मुखवटा चढवी. मुखवटा नाही म्हणजे अक्षर नाही. आणि प्रत्येक कंपनीचा मुखवटा निराळा! एका फाँटातील 'क' दुसऱ्या फाँटात भलतेच काहीतरी.

म्हणून जुन्या चकतीवरून पत्रे घेतानाच 'विंडोज' फोल्डरातील 'फाँट्स' हा फोल्डरही उतरवून घ्यावा. कोणत्या मुखवट्याने लिहिले होते याचा पुरावा तेथेच सापडतो. तो फाँट नव्या संगणकावर बसवून प्रथम मजकूर डोळ्यांनी वाचावा, मग त्या त्या फाँटाच्या परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणावा. परिवर्तकावर विसंबून मात्र राहू नये. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतील अर्धा र, रफार, ऱ्हस्व वेलांटीची जागा, जोडाक्षरे, या ठिकाणी तो हमखास घसरतो. बोलीतील शब्द असेल तर तो चुकला आहे की तसाच होता हे त्या भागातील मनुष्यालाच कळते. गुरुजींच्या पत्रांसाठी आम्ही तिघे शिक्षक दिवाळीच्या सुटीत बसलो होतो. एक मूळ फाँटातील पत्र वाची, दुसरा युनिकोडची प्रत तपाशी, तिसरा अडलेल्या शब्दासाठी वाडीवर जाऊन येई. 'थारोळे' या साध्या शब्दाची परिवर्तकाने चार रूपे केली होती.

कधीकधी सडा निराळ्या प्रकारचा असतो. डोक्यावर तिरपी रेघ असलेले रोमन 'ए' हे अक्षर पुन्हा पुन्हा, जवळजवळ प्रत्येक अक्षरामागे येते. ते चिन्ह दिसले तर आनंद मानावा. तो मजकूर युनिकोडच आहे, केवळ वाचणाऱ्या कार्यक्रमाने त्याची सांकेतिक रीत चुकीची धरली आहे. ती यूटीएफ-८ अशी निवडली की अक्षरे जागच्या जागी येतात. कधी पत्राच्या पोटात एकही मोकळी जागा नसलेला, ओळीमागून ओळी चालणारा मजकूर दिसतो. ते जोडलेले छायाचित्र किंवा दस्तऐवज असते, तारेवरून सुखरूप जावे म्हणून अक्षरांत रूपांतरित केलेले. ते हाताने कापू नये. थंडरबर्ड ते आपोआप पूर्ववत करतो.

एका गोष्टीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. दुसऱ्याचा पत्रव्यवहार उघडणे ही नाजूक बाब आहे. शाळेच्या पत्रपेटीत विद्यार्थ्यांची नावे, जाती, आधार क्रमांक, पालकांचे बँक खाते, एखाद्या मुलीविषयी वर्गशिक्षिकेने मुख्याध्यापकांना विश्वासाने लिहिलेले पत्र, असे सर्व काही असू शकते. मयत शिक्षकाच्या घरच्या संगणकात तर घरची पत्रे असतातच. वारसांची संमती लेखी घ्यावी, घरचे त्यांच्या हाती द्यावे, आणि आपण केवळ कामाची पत्रे वेगळी करावी. गुरुजींच्या पत्नी पहिले तीन दिवस आमच्याजवळ बसून होत्या. चार पत्रे त्यांनी आम्हांस वाचू दिली नाहीत. आम्हीही विचारले नाही.

सेवाविषयक पत्रांचे एक निराळे महत्त्व आहे. वरिष्ठ वेतनश्रेणी, जन्मतारखेतील दुरुस्ती, एखाद्या काळातील प्रभारी मुख्याध्यापकपद, यांविषयीचा आदेश सेवापुस्तकात नोंदला गेला नसेल, पण जुन्या ई-मेलमध्ये सापडेल. असे पत्र सापडल्यास केवळ त्याचा छापील कागद पुरेसा मानू नये. ईएमएल फाइल जशीच्या तशी जतन करावी, कारण तिच्या माथ्यावर ते पत्र कोठून निघाले, कोणकोणत्या टप्प्यांतून आणि केव्हा आले याची नोंद असते. कागदावर ती येत नाही. ती फाइल उघडून पुन्हा साठविणे, तिच्यातील शुद्धलेखन सुधारणे, असले काही करू नये. तेवढ्याने तिचा पुरावा म्हणून असलेला कस कमी होतो.

उतरविलेला मजकूर दोन ठिकाणी ठेवावा, एक प्रत शाळेत आणि एक शाळेबाहेर. सीडीवर फार भरवसा ठेवू नये; आपल्याकडील दमट पावसाळ्यात ती टिकत नाही. मूळ चकतीवर तारीख, शाळेचे नाव आणि 'नक्कल घेतली' असे लिहून ती कपाटात ठेवावी. निर्लेखनात संगणक जाईल तेव्हा चकती त्यात जाऊ देऊ नये, किंवा जाणारच असेल तर तीवरील सर्व मजकूर पुरता पुसून मगच द्यावी. नुसते फॉरमॅट केल्याने पुष्कळ काही मागे उरते, हे आता आपल्या ध्यानात आलेच असेल.

गुरुजींच्या संग्रहाची छापील प्रत त्या शाळेच्या ग्रंथालयात ठेविली आहे. ज्या मुलांनी ते शब्द विचारून आणले होते त्यांतील दोघी आज याच केंद्रात शिक्षिका आहेत आणि त्या येथे बसल्या आहेत.

आता समोरच्या टेबलावर एका शाळेतून आणलेली चकती, अडॅप्टर आणि उबुंटूचा पेन ड्राइव्ह ठेविला आहे. त्यात काय आहे हे मलाही ठाऊक नाही. शाळेच्या मुख्याध्यापकांनी संमतीपत्र दिले आहे. मागच्या रांगेतील शिक्षकांनी पुढे सरकून बसावे, म्हणजे सर्वांना दिसेल.